एकशे पंधरा टक्के भरलेलं धरण

श्रीपाद आगाशे यांना "धरणात पाणी किती आहे हो?" असं सहज म्हणून विचारायचं नसतं, हे डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना अनुभवाने कळलं होतं. नवीन राहायला आलेला एखादा भाडेकरू लिफ्टची वाट बघता बघता विचारून जायचा आणि मग लिफ्ट येऊन परत वर गेली तरी तो तिथेच उभा असायचा.

"पाणी मोजतं कोण?" आगाशे सुरुवात करायचे. "कोणी मोजत नाही. मोजता येतच नाही. आपण मोजतो ती पाण्याची उंची. धरणात एक मनोरा असतो, त्याच्यावर मोजपट्टी रंगवलेली असते. रोज सकाळी माणूस जातो, पाणी कुठल्या रेघेला टेकलंय ते बघतो. मग तक्ता काढायचा. अमुक उंची म्हणजे अमुक साठा. तो तक्ता धरण बांधायच्या आधी केलेला असतो, कोरड्या जमिनीवर फिरून. कळलं?"

भाडेकरू मान हलवायचा. त्याला फक्त उद्या नळ येणार की नाही एवढंच हवं असायचं.

आगाशे पाटबंधारे खात्यात अभियंता होते. सगळी नोकरी ठाण्याच्या कार्यालयात आणि सावरखोल धरणावर गेली. माणूस सरळ, कामाला चोख, पण बोलायला अवघड. मोघम शब्दाचं त्यांना वावडं होतं. बायकोने, सुहासिनीबाईंनी, "आमटीत मीठ जरा जास्त झालंय का?" असं विचारलं तर "कशाच्या मानाने?" असा प्रश्न यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाईंना याचं रडू यायचं, पुढे हसू यायला लागलं, आणि आता त्या विचारायच्याच बंद झाल्या होत्या.

निवृत्तीला काही वर्षं उरली असताना त्यांच्याकडे सावरखोलच्या गाळाचं मोजमाप आलं. हे काम मागून घेणारा खात्यात दुसरा कोणी नव्हता, कारण त्यात उद्घाटन नाही, कंत्राट मोठं नाही, आणि उन्हातान्हात होडीत बसायचं. आगाशे मात्र खूश होते. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून खोली काढायची, असं यंत्र घेऊन ते हिवाळाभर धरणाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उभ्या-आडव्या रेघा मारत राहिले.

होडी काठावरच्या पाड्यातल्या आबांची होती. आबा एरवी मासे धरायचे. साहेब एवढ्या मन लावून पाण्यात काय शोधतात, याची त्यांना फार उत्सुकता होती. पाड्यात तर बोलवा होती की, तळाशी कुठलासा हंडा आहे आणि सरकारला त्याचा सुगावा लागलाय.

"आबा, मी गाळ मोजतोय," आगाशे म्हणाले.

"गाल? त्यो कशाला मोजायचा?"

"डोंगरावरची माती वाहून येते, ती तळाशी बसते. धरण बांधलं तेव्हा वाटलं होतं, गाळ अगदी खाली जाऊन गुपचूप बसेल, जिथलं पाणी तसंही आपण वापरत नाही. तो काही तसा शहाण्यासारखा बसलेला नाही. सगळीकडे पसरलाय."

आबांनी वल्हं थांबवून विचार केला. "मंजे खाली माती वाढली तं पानी वर आला ना, सायेब? मंग बेसच झाला की!"

आगाशे त्या दिवशी घरी येऊन हसले होते. सुहासिनीबाईंना त्यांनी हा विनोद दोनदा सांगितला.

हिशेब बाहेर आला तो असा. धरण बांधलं तेव्हा त्यात वापरण्याजोगं पाणी मावायचं दोनशे दलघमी, म्हणजे दोनशे दशलक्ष घनमीटर. वर्तमानपत्रवाल्यांच्या भाषेत सात टीएमसी. आता मावत होतं एकशे साठ. पाचवा हिस्सा गाळाने गिळला होता. रोज सकाळी जुना तक्ता बघून जो आकडा ठाण्याला कळवला जात होता, त्यातलं बरंचसं पाणी नव्हतंच, चिखल होता.

आगाशेंनी अहवाल लिहिला. त्याला शिफारशींच्या दोन शेपट्या होत्या. एक, धरणाची एकूण क्षमता दोनशेच्या जागी एकशे साठ धरावी. दोन, जुना तक्ता फेकून देऊन हा नवीन तक्ता वापरावा. हे वाचल्यावर खात्यात हलकल्लोळ माजेल अशी त्यांची अपेक्षा होती. त्या तयारीने त्यांनी इस्त्रीचे दोन शर्ट जास्तीचे करून ठेवले, रोज बैठका होतील म्हणून. बैठक एकच झाली, आगाशेंच्या निरोपसमारंभाची. नारळ, शाल आणि "आपण खात्याला खोली दिलीत" अशा एका वाक्यावर ते घरी आले.

त्यानंतर दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्याने दगा दिला. जूनमध्ये चार सरी टाकून पाऊस जो गेला तो जुलै सरला तरी परतला नाही. वर्तमानपत्रात रोज चौकट यायला लागली, सावरखोल पंचावन्न टक्के. पाणीकपात सुरू झाली. आगाशेंकडे घरकामाला येणाऱ्या शेवंतीबाई डोंबिवलीजवळच्या दिवा गावात राहायच्या. तिथे कपात जाहीर व्हायच्या आधीपासूनच होती, त्यामुळे त्यांना बातमीचं विशेष काही वाटलं नाही. "आता तुम्हाला पण कलेल," एवढंच म्हणून त्यांनी भांडी घासायला घेतली.

आणि एका सकाळी चौकटीत आलं, सावरखोल एकोणसत्तर टक्के.

आगाशेंनी चष्मा पुसला. खिडकीतून बघितलं. आभाळ स्वच्छ, कडक ऊन. काल पंचावन्न, आज एकोणसत्तर. मग त्यांच्या लक्षात आलं आणि चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. अहवालाचं पहिलं शेपूट मंजूर झालं होतं! क्षमता दोनशेवरून एकशे साठ झाली होती. दुसरं शेपूट, नवीन तक्ता, मंजुरीला अजून वरच कुठेतरी होतं. त्यामुळे पाणी जुन्या तक्त्याने मोजायचं, चिखल धरून, दोनशेच्या पंचावन्न टक्के म्हणजे एकशे दहा. आणि भागायचं नव्या क्षमतेने. एकशे दहा भागिले एकशे साठ.

"अहो, काय झालं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"चूक झालीय. आपलं पातेलं लहान झालंय हे त्यांनी मान्य केलं, आणि पाणी मात्र मोठ्या पातेल्याच्या हिशेबाने धरलं."

"म्हणजे पाणी वाढलं की कमी झालं?"

"होतं तेवढंच आहे. टक्के वाढले."

आठवडाभर दुरुस्तीची वाट बघून ते ठाण्याला गेले. त्यांच्या खुर्चीवर आता अपूर्व होता. पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता, हुशार, गोड बोलणारा. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या शीटमध्ये क्षमतेचा रकाना बदलला, बाकीचं आपोआप झालं. मला परवाच कळलं."

"मग दुरुस्त कर ना."

अपूर्वने आवाज खाली आणला. "सर, एकोणसत्तर आकडा बघून कपात मागे घेतली गेलीय. वरून तशी घोषणा झालीय, सत्कार झालेत. आता मी एका ओळीचं पत्रक काढू का, की ते पाणी नव्हतंच म्हणून? नवीन तक्ता मंजूर होऊन येऊ दे, मग सगळं आपोआप सरळ होईल."

"कधी येईल?"

"फाइल फिरतेय सर."

आगाशे बाहेर पडले. खोपटच्या एसटी डेपोपाशी येईपर्यंत त्यांना आबांची आठवण आली. आबांचं आणि वरच्या साहेबांचं मत तंतोतंत जुळत होतं, फरक इतकाच की आबांनी ते फुकट दिलं होतं.

ऑगस्टच्या मध्यावर पाऊस आला आणि मनापासून पडला. धरण काही काठोकाठ भरलं नाही, पण सप्टेंबरात पातळी चांगली वर चढली. खरा साठा नव्वद टक्के, हे आगाशेंनी घरी बसून स्वतःच्या तक्त्याने काढलं होतं. चौकटीत आलं, सावरखोल एकशे पंधरा टक्के. शेजारी ठळक मथळा, 'सावरखोल प्रथमच शंभरीपार'.

शंभर टक्क्यांवर धरण भरतं म्हणजे पाणी उभं कुठे राहतं, असा प्रश्न कोणालाच पडला नाही. सोसायटीत तर आनंदीआनंद होता. आगाशेंनी त्या महिन्याच्या सभेत विषय मांडला होता की, येत्या उन्हाळ्यात टंचाई होणार, तर पाणी जपून वापरू, गाड्या धुणं बंद करू, तळटाकी साफ करून घेऊ. सेक्रेटरी सुदेश उठून म्हणाला, "काका, एकशे पंधरा टक्के आहे ओ! पंधरा टक्के एक्स्ट्रा. त्यात गाड्या नाही धुवायच्या तर कशात धुवायच्या?" सभेत हशा पिकला. टाळ्याही पडल्या. ठराव बारगळला.

शेवंतीबाईंनीही बातमी ऐकली होती. "काका, ते वरचे पंधरा आमच्या दिव्याला सोडायला सांगा की. तुमची ओळख आहे ना."

मग फोन आला अपूर्वचा. धरणावर जलपूजन ठरलं होतं. मोठी मंडळी येणार होती. "सर, तुम्ही यायलाच हवं. तुमच्या अहवालामुळेच तर टक्केवारी वाढली. दोन शब्द बोला."

सुहासिनीबाई म्हणाल्या, जाऊ नका. आगाशे म्हणाले, जाणार आणि सगळ्यांसमोर सांगणार. त्यांनी भाषण लिहून काढलं, तीन वेळा तपासलं. एकही शब्द चुकीचा नव्हता.

धरणावर मांडव होता. साडीचोळी, नारळ, फुलं असं सगळं पाण्यात सोडून झालं. आगाशेंना शाल घालण्यात आली, फोटो निघाले, आणि माइक त्यांच्या हातात आला. समोर पाचेकशे माणसं होती. काठाला होडी लावून आबाही येऊन बसले होते.

"गाळसंचयनामुळे जलाशयाच्या उपयुक्त साठवण क्षमतेत लक्षणीय ऱ्हास झाला असून," आगाशेंनी सुरुवात केली, "पातळी आणि साठा यांच्या परस्परसंबंधाची पुनर्निश्चिती न करता केवळ छेदस्थानी सुधारित क्षमता योजल्याने प्रस्तुत टक्केवारी ही वास्तवाशी विसंगत ठरते."

आवाज खणखणीत होता. हे बोलल्यावर मांडवात खळबळ उडणार, हे त्यांना माहीत होतं. ते क्षणभर थांबले.

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना वाटलं, भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मांडवाने वाजवल्या. सूत्रसंचालक पुढे होऊन म्हणाला, "किती अभ्यासपूर्ण! आगाशेसाहेबांसारखे तज्ज्ञ लाभले म्हणूनच आज सावरखोलने शंभरी ओलांडली." माइक परत गेला. उरलेली दोन पानं आगाशेंच्या खिशात राहिली. आबा जवळ येऊन म्हणाले, "ब्येस बोल्लाव, सायेब. संस्कृत व्हता का?"

दुसऱ्या दिवशी शालीतला फोटो छापून आला. खाली ओळ, 'साठवण क्षमतेबाबत तज्ज्ञांकडून समाधान'.

"'पाणी कमी आहे, जपून वापरा,' एवढंच का नाही म्हणालात?" सुहासिनीबाईंनी विचारलं. रागावून नाही, खरंच कळेना म्हणून.

"किती कमी, ते सांगितल्याशिवाय कमी कसं म्हणणार?"

कुकरची शिटी झाली म्हणून बाई उठल्या. आगाशे मात्र त्या संध्याकाळी फिरायला गेले नाहीत. आयुष्यभर आपण बरोबर बोललो, आणि एकदाही कोणाला कळेल असं बोललो नाही, असलं काहीतरी त्यांच्या मनात घोळायला लागलं होतं. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

हिवाळ्यात पाणी सढळ हाताने सुटलं. गाड्या धुतल्या गेल्या. नव्या इमारतींच्या जाहिरातींत चोवीस तास पाणी आलं. मार्चपर्यंत चौकट हिरवीगार होती. आणि एप्रिलमध्ये, ऐन उन्हात, नवीन तक्ता मंजूर होऊन आला. फाइल खरोखरच फिरत होती. अपूर्वने शब्दाला जागून त्याच दिवशी तो शीटमध्ये घातला.

काल सावरखोल छप्पन टक्के होतं. आज चौतीस.

मथळा आला, 'धरणातून पाणी गायब! चोरी की गळती?' वाहिन्यांचे लोक काठावर उभे राहून पाण्याकडे बोट दाखवायला लागले. टँकरवाले रात्रीतून उपसतात असं कोणी म्हटलं, कोणी म्हटलं बोगदा आहे. पाणीकपात आली, ती आधीच्या दुप्पट. आणि छत्तीस दलघमी पाणी कुठे गेलं याचा छडा लावायला चौकशी समिती नेमली गेली.

सोसायटीत सुदेशने आगाशेंना जिन्यातच गाठलं. "काका, तुमचाच फोटो होता ना, शालवाला? समाधान व्यक्त केलेलं तुम्ही."

"मी समाधान व्यक्त केलं नव्हतं."

"पेपरात आलेलं ना पण."

समितीपुढे साक्षीला आगाशेंना बोलावणं आलं. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, सभ्य आणि दमलेले. त्यांनी पंखा वाढवायला सांगितला आणि विचारलं, "आगाशेसाहेब, हे छत्तीस दलघमी पाणी गेलं कुठे?"

"कुठेच गेलं नाही. ते नव्हतंच."

"नव्हतं तर गेलं कसं?"

"गेलं नाही, साहेब."

"मग आता का नाही?"

"आधीही नव्हतं म्हणून."

अध्यक्षांनी लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकाने लिहिणं थांबवलं होतं. शेजारचे सदस्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाष्पीभवन धरायचं का? उन्हाळा कडक आहे."

"एका रात्रीत?" आगाशे म्हणाले. "अख्ख्या धरणावरचं तीन मीटर पाणी एका रात्रीत वाफ होऊन जायचं, तर खाली चूल पेटवावी लागेल."

कोणी हसलं नाही. सदस्यांनी 'बाष्पीभवन' हा शब्द कागदावर आधीच लिहिला होता, त्याच्यापुढे त्यांनी 'इत्यादी' जोडलं. आगाशेंना जबाबावर सही करायला दिली तेव्हा त्यांनी वाचून बघितलं. त्यात होतं, 'साक्षीदाराच्या मते उष्णतेची शक्यता नाकारता येत नाही.' त्यांनी ते वाक्य खोडलं, वर स्वतःच्या अक्षरात 'पाणी नव्हते. चिखल होता.' एवढंच लिहिलं आणि सही केली. एवढं आखूड वाक्य त्यांनी कुठल्याही सरकारी कागदावर कधी लिहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांना बरं वाटलं, भूकही लागली.

समितीचा अहवाल मे अखेरीस आला. कारण, बाष्पीभवन इत्यादी. शिफारस, धरणावर कॅमेरे बसवावेत. आगाशेंचं वाक्य सहाव्या परिशिष्टात होतं.

त्याच सुमारास सोसायटीच्या नळाला दिवसाआड पाणी यायला लागलं होतं, आणि तळटाकी पहिल्यांदाच पूर्ण रिकामी झाली. सुदेशला कोणीतरी हाक मारली म्हणून तो टॉर्च घेऊन वाकला. आगाशे खाली पिशवी घेऊन निघाले होते, तेही थांबले.

"च्यायला," सुदेश म्हणाला, "काका, हे बघा. फूटभर चिखल आहे खाली. आपण टाकी फुल झाली की समजतो फुल."

"हं."

"म्हणजे पाणी तेवढं नसतंच आपल्याकडे. वरून भरलेली दिसते फक्त." तो सरळ उभा राहिला. त्याच्या तोंडावर काहीतरी उजाडत होतं. "एक मिनिट. धरणात पण असंच झालेलं का?"

"असंच."

"मग हे आधी सांगायचं ना काका! एवढं सोपं आहे!"

आगाशेंनी तोंड उघडलं, त्यांच्या मनात निदान चार उत्तरं होती. "हो, सांगायला हवं होतं," ते म्हणाले आणि भाजी आणायला गेले.

शेवंतीबाई त्या उन्हाळ्यात रोज उशिरा यायच्या. दिव्याला टँकर यायचा तेव्हा यायचा, त्याआधी घर सोडता येत नसे. एकदा सुहासिनीबाईंनी त्यांना आपल्याकडचे दोन कॅन भरून दिले. शेवंतीबाई ते घेऊन दिव्यापर्यंत कशा गेल्या, ते आगाशेंनी विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दाढी करताना नळ बंद ठेवायला लागले. किती पाणी वाचलं, ते मोजलं नाही.

पुढचा पावसाळा मात्र दणदणीत झाला. ऑगस्ट संपता संपता सावरखोल खरोखर काठोकाठ भरलं, दरवाजे उघडावे लागले, नदीकाठच्या गावांना इशारे गेले. नव्या क्षमतेने आणि नव्या तक्त्यानेच मोजून, तंतोतंत शंभर टक्के. आगाशेंच्या अहवालानंतरची ही पहिली खरी शंभरी होती. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मथळा होता, 'सावरखोल यंदा केवळ शंभर टक्क्यांवरच अडकले'. खाली, गेल्या वर्षीच्या तुलनेत पंधरा टक्क्यांची तूट, नागरिकांत चिंता.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज धडाधड पडायला लागले. कपात होणार का? प्रशासन झोपलंय का? तेवढ्यात सुदेश मैदानात उतरला. त्याने लिहिलं, 'कोणी घाबरू नका. गेल्या वर्षी वरचे पंधरा टक्के चिखल होता. यंदा सगळं शुद्ध पाणी आहे. माहितीसाठी आगाशे काकांना विचारा.'

आगाशेंनी ते वाचलं. चूक होतं. चिखल वरचा नव्हता, खालचा होता. पंधरा टक्के नव्हता. आणि 'शुद्ध' हा शब्द तर कशालाच लागू नव्हता. त्यांनी टाइप करायला घेतलं, 'प्रस्तुत विधानात तीन'. मग थांबले. स्वयंपाकघरातून सुहासिनीबाई बघत होत्या.

त्यांनी लिहिलेलं पुसलं, सुदेशच्या मेसेजला अंगठा दिला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. फोन लगेच वाजायला लागला. विचारायला सांगितलं होतं म्हणून लोक विचारत होते.